डोळ्यातले तांब्याचे कडे



इतिहास म्हटला की आपल्यापुढे राजे, तह आणि लढाया उभ्या राहतात. वसंतातल्या या सभांतून पानिपतची चिकित्सा झाली, पेशवाईतली कारस्थाने उलगडली गेली, आणि ते योग्यच झाले. आज ज्या इतिहासाकडे मी आपले लक्ष वेधणार आहे त्यात एकही राजा नाही. त्यात आहे एक धातू, आपल्या घरोघरच्या तांब्या-घंगाळांचा धातू. त्यात आहेत काही तरुण मुलगे आणि मुली, ज्यांची नावेदेखील ग्रंथांत नाहीत. आणि आहेत चार-पाच देशांतले काही वैद्य, ज्यांनी पाऊणशे वर्षांच्या अवधीत एका असाध्य म्हणून सोडून दिलेल्या रोगाला आटोक्यात आणले. त्या रोगाचे नाव विल्सन रोग.

हा रोग दुर्मिळ आहे. सामान्यतः तीस हजारांत एकाला तो होतो असे मानतात. तेव्हा कोणी विचारील, की तीस हजारांत एकाच्या दुःखासाठी उरलेल्या एकोणतीस हजार नऊशे नव्याण्णवांनी तासभर का बसावे? या प्रश्नाचे उत्तर व्याख्यानाच्या ओघातच मिळेल असा मला भरवसा आहे. तूर्त एवढेच सांगतो, की आनुवंशिक म्हणून ज्या रोगांची गणना होते आणि जे मेंदूचा नाश करतात, त्यांपैकी ज्यावर माणसाने खरोखरच उपाय शोधून काढला असे रोग बोटांवर मोजण्याइतके थोडे आहेत. त्यांत याची गणना होते. म्हणून तो उपाय कसा सापडला आणि सापडायला इतका उशीर का लागला, हे पाहणे बोधप्रद आहे.

प्रथम रोगाचे स्वरूप पाहू. एखादा मुलगा बारा-पंधरा वर्षांचा होईपर्यंत चारचौघांसारखा वाढतो. मग त्याचे अक्षर बिघडू लागते. मास्तर म्हणतात, हा आळशी झाला. हात कापू लागतात. पेला तोंडाशी नेताना पाणी सांडते. बोलणे जड आणि तोतरे होते, तोंडातून लाळ गळू लागते. हात बाजूला उचलून धरायला सांगितले तर पक्षी पंख फडफडवतो तसे ते वरखाली आपटतात. पुढे अंग ताठरते, हातपाय वाकडे होऊन तसेच राहतात, गिळणे कठीण होते. स्वभावही पालटतो, शांत मुलगा चिडखोर होतो, उगाच हसतो, उगाच रडतो. आणि हे सारे होत असता त्याची समज पुष्कळशी शाबूत असते. आपले काय होत आहे हे त्याला कळत असते, सांगता मात्र येत नाही. पूर्वी अशा रुग्णाचा शेवट काही वर्षांतच ठरलेला असे.

या चित्राची पहिली स्पष्ट रेखाटणी केली ती सॅम्युएल अलेक्झांडर किनियर विल्सन यांनी. १८७८ साली अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये जन्मलेला हा माणूस एडिंबरोत वाढला व शिकला, आणि पुढे लंडनमधील क्वीन स्क्वेअरच्या मज्जारोगांच्या राष्ट्रीय रुग्णालयात काम करू लागला. १९११ मध्ये एडिंबरो विद्यापीठाला त्यांनी जो प्रबंध सादर केला त्याला सुवर्णपदक मिळाले, आणि १९१२ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात तो विस्ताराने प्रसिद्ध झाला. स्वतः पाहिलेले चार रुग्ण आणि इतरांनी पूर्वी नोंदलेले काही, एवढ्या अल्प सामग्रीवर तो उभा आहे. विल्सन यांनी दाखवून दिले की या रुग्णांच्या मेंदूत खोलवर असलेला एक विशिष्ट भाग कुजून पोकळ झालेला असतो. त्या भागाचा आकार मसुराच्या दाण्यासारखा, म्हणून वैद्यकात त्याला मसुराच्याच लॅटिन नावावरून नाव मिळाले आहे. आणि याहून नवलाची गोष्ट अशी, की मेंदूबरोबरच या प्रत्येक रुग्णाचे यकृतही आक्रसून गाठाळलेले होते, मात्र जिवंतपणी त्याची कसलीही तक्रार जाणवली नव्हती.

मेंदू आणि यकृत! एक कवटीच्या आत, दुसरे बरगड्यांच्या खाली. यांचा परस्परांशी काय संबंध? विल्सन यांनी तर्क केला की यकृतातून काहीतरी विष निर्माण होत असावे आणि तेच मेंदूच्या त्या भागाला मारत असावे. रोग भावंडांत आढळतो हे त्यांनी पाहिले होते. परंतु आईबाप निरोगी असल्यामुळे तो कुटुंबात दिसतो, वंशपरंपरेने मात्र येत नाही, असे त्यांना वाटले. विष कोणते, हे १९३७ साली त्यांचा मृत्यू झाला तेव्हाही कळलेले नव्हते.

आता गंमत पाहा. ज्या विषाचा विल्सन शोध करीत होते त्याची खूण दहा वर्षे आधीच एका निराळ्याच दालनात सापडून पडली होती. १९०२ साली जर्मनीतील बर्नहार्ड कायझर या नेत्रवैद्याला एका तरुण रुग्णाच्या डोळ्यात, बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या कडेला, हिरवट-तपकिरी रंगाचे एक कडे दिसले. पुढल्याच वर्षी ब्रूनो फ्लायशर या दुसऱ्या नेत्रवैद्याने तसेच कडे पाहिले, आणि १९१२ पर्यंत त्याने हे ओळखले की हे कडे, हातांचा कंप आणि यकृताचा विकार ही एकाच रोगाची अंगे आहेत. विल्सन यांच्या प्रबंधात या कड्याचा उल्लेख नाही. जर्मनीत तर या रोगाला वेगळेच नाव होते. १८८३ साली वेस्टफाल यांनी आणि पुढे १८९८ साली स्ट्र्युंपेल यांनी अशा रुग्णांची वर्णने केली होती. हे दोन रोग एकच आहेत हे सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली.

त्या कड्याचा रंग कशाचा? चांदीचा असावा असा त्या वेळी तर्क होता. १९१३ साली रुम्पेल याने अशाच एका रुग्णाच्या यकृताचे रासायनिक पृथक्करण केले, तेव्हा त्यात तांब्याचे प्रमाण फार मोठे आढळले.

श्रोतेहो, या सालावर आपण क्षणभर थांबू. १९१३. विल्सन यांचा प्रबंध प्रसिद्ध होऊन एकच वर्ष झाले होते. डोळ्यातले कडे माहीत होते, मेंदूतली पोकळी माहीत होती, यकृत खराब असते हे माहीत होते, आणि त्या यकृतात तांबे साचते हेही छापून आले होते. चार दोरे चार हातांत होते. त्यांची गाठ मारायला किती अवधी लागावा? पस्तीस वर्षे लागली. या पस्तीस वर्षांत जे तरुण क्वीन स्क्वेअरच्या आणि जगातल्या इतर रुग्णालयांच्या खाटांवर ताठरून मेले त्यांची मोजदाद कोणी केलेली नाही.

या विलंबाला मूर्खपणा म्हणणे अन्यायाचे होईल. कारण दुसरे आहे. नेत्रवैद्य डोळा पाही, मज्जावैद्य मेंदू पाही, यकृताचा तज्ज्ञ यकृत पाही, आणि रसायनशास्त्रज्ञ आपल्या परीक्षानळीतून डोके वर काढीत नसे. प्रत्येकाने आपल्या खोलीत प्रामाणिकपणे दिवा लावला होता. खोल्यांमधली दारे तेवढी बंद होती. त्यातून मध्ये एक महायुद्ध होऊन गेले.

दारे उघडली ती आणखी एका महायुद्धानंतर, आणि तीही मेंढ्यांच्या निमित्ताने. चाऱ्यात तांबे कमी पडले तर मेंढ्यांच्या कोकरांना एक मज्जारोग होतो, त्यांचे मागचे पाय लटके पडतात, हे पशुवैद्यांना माहीत होते. तेव्हा ऑक्सफर्डमधील मँडेलब्रोट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा प्रश्न घेतला, की माणसांच्या काही मज्जारोगांतही तांब्याची गडबड असेल काय? त्यांनी अशा रुग्णांच्या लघवीतील तांबे मोजले, आणि त्यांच्या जोडीला विल्सन रोगाचा एक रुग्णही तपासला. ज्यांच्यासाठी खटाटोप केला त्यांत फारसे काही सापडले नाही. जोडीला घेतलेल्या त्या एकाच्या लघवीत मात्र तांबे मुबलक होते. हे १९४८ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी, विल्सन जेथे काम करीत होते त्याच क्वीन स्क्वेअरमध्ये जॉन कमिंग्स यांनी या रोगाने मेलेल्या रुग्णांचे मेंदू आणि यकृते घेऊन त्यांतील तांबे मोजले आणि दोन्हीकडे त्याचा साठा दाखवून दिला. विल्सन यांनी ज्या विषाची कल्पना केली होती ते विष म्हणजे तांबे होय, ही गोष्ट आता निर्विवाद झाली.

विष कळले की उतारा शोधता येतो. उतारा तयारच होता, आणि तो युद्धाच्या भट्टीतून निघाला होता. दुसऱ्या महायुद्धात शत्रू ल्यूइसाइट नावाचा सोमलयुक्त वायू सोडील या भीतीने ऑक्सफर्ड येथे रूडॉल्फ पीटर्स आणि त्यांचे सहकारी स्टॉकन व टॉम्प्सन यांनी एक प्रतिविष तयार केले होते. त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘बाल’ म्हणतात. ज्या भीतीने ते केले ती ब्रिटनच्या बाबतीत खरी ठरली नाही. पण सोमलाला पकडणारे हे द्रव्य तांब्यालाही पकडते आणि लघवीवाटे बाहेर काढते असे दिसून आले. कमिंग्स यांनी लंडनमध्ये आणि डेरेक डेनी-ब्राउन व पोर्टर यांनी अमेरिकेत बोस्टन येथे ते विल्सन रोगावर वापरले. १९५१ साली डेनी-ब्राउन यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. ताठरलेले हात सैल पडले, बोलणे उमगू लागले, खाटेला खिळलेले रुग्ण उठून बसले. आनुवंशिक मज्जारोगाने खचलेला मेंदू पुन्हा सावरू शकतो, हे वैद्यकाच्या इतिहासात अशा रीतीने प्रथमच दिसत होते.

पण या औषधाची खोड अशी, की ते तेलात कालवून स्नायूत खोल टोचावे लागे. टोचणे अत्यंत वेदनेचे असे, गळवे होत, आणि कालांतराने गुणही उणावत जाई. जन्मभर कोण टोचून घेणार? रोग तर जन्माचा होता.

येथे या कथेत जॉन वॉल्श यांचा प्रवेश होतो. हे १९२० साली जन्मले. वडील सर फ्रान्सिस वॉल्श हे क्वीन स्क्वेअरचेच नामांकित मज्जावैद्य. मुलगा मात्र यकृताच्या अभ्यासाकडे वळला. लंडनमध्ये असताना पेनिसिलिन घेत असलेल्या एका यकृतरोग्याच्या लघवीत त्यांना एक अपरिचित द्रव्य आढळले होते. ते पेनिसिलिनच्या विघटनातून झालेले पेनिसिलामीन होते. तेव्हा त्याचा कोणाला काही उपयोग नव्हता. १९५४-५५ च्या सुमारास वॉल्श बोस्टनला गेले असता डेनी-ब्राउन यांच्या विभागातील एक विल्सन रोगी त्यांना दाखवण्यात आला. ‘बाल’ ज्याला सोसत नव्हते असा. वॉल्श यांच्या मनात विचार चमकला, की त्या टाकाऊ द्रव्याच्या रेणूत गंधक आणि नत्र अशा रीतीने बसवलेले आहेत की ते तांब्याला चिमटीत धरू शकेल. द्रव्य मिळवून त्यांनी ते प्रथम स्वतः घेतले आणि मग रुग्णाला दिले. लघवीतले तांबे अनेक पटींनी वाढले. १९५६ साली ‘लॅन्सेट’मध्ये ही वार्ता आली. आता तोंडाने घेता येणारे औषध हाती आले. यकृताचा वैद्य मज्जावैद्याच्या कक्षात पाहुणा म्हणून गेला आणि दोन खोल्यांमधले दार उघडले, असे याचे वर्णन केले तर ते वावगे होणार नाही.

मग तांबे साचते का, याचा उलगडा क्रमाने झाला. आपल्या रोजच्या अन्नातून एक-दोन मिलिग्रॅम तांबे पोटात जाते. धान्यात, डाळींत, दाण्यांत ते असतेच, आणि शरीराला ते थोडेसे लागतेही. निरोगी माणसाचे यकृत जरुरीपुरते ठेवून उरलेले पित्तावाटे बाहेर टाकते, आणि काही तांबे एका प्रथिनात गुंफून रक्तात सोडते. स्वीडनमध्ये होल्मबर्ग व लॉरेल यांनी १९४८ मध्ये हे निळसर प्रथिन वेगळे केले. त्याला सेरुलोप्लाझ्मिन म्हणतात. विल्सन रोगात ते बहुधा फार कमी असते, असे अमेरिकेत शाइनबर्ग व गिटलिन यांनी १९५२ साली दाखवले. म्हणजे गटारीचे तोंड बुजलेल्या मोरीसारखी या यकृताची स्थिती असते. पाणी रोज थोडेच येते, पण जात काहीच नाही. आधी मोरी भरते, मग पाणी घरात शिरते. यकृत भरले की तांबे मेंदूत, डोळ्यात, मूत्रपिंडात उतरते. म्हणूनच जन्मजात रोग असूनही लक्षणे दहा-पंधरा वर्षांनी दिसतात.

वंशपरंपरेचे कोडेही सुटले. आई आणि बाप दोघांकडून सदोष वारसा आला तरच रोग होतो. एकाकडून आला तर माणूस धडधाकट राहतो, मात्र वारसा पुढे नेतो. असे वाहक सुमारे नव्वदांत एक असतात. दोन वाहकांचे लग्न झाले तर त्यांच्या प्रत्येक अपत्याला चारात एक एवढा धोका असतो. १९८५ साली हा दोष तेराव्या गुणसूत्रावर असल्याचे ठरले आणि १९९३ साली प्रत्यक्ष जनुक सापडले. विल्सन यांना जे कोडे वाटले होते, की भावंडांत दिसते पण आईबापांत नाही, ते या एका नियमाने सुटले.

येथे आपल्या भूमीचा संबंध येतो. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात नोशीर वाडिया यांनी मज्जारोगांचा विभाग उभारला, आणि तेथेच दारब दस्तुर हे मज्जाविकृतीचे संशोधन करीत होते. या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा कुटुंबांतील रुग्णांचा अभ्यास करून १९६८ साली भारतातील विल्सन रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. हा रोग युरोपियनांचाच आहे असा जो समज असू शकत होता तो त्याने दूर झाला. पुढे बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने तीन दशकांत पाहिलेल्या दोनशे ब्याऐंशी रुग्णांचा वृत्तान्त २००७ मध्ये दिला. आपल्याकडे काही जातींत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल पूर्वापार आहे. एकाच आजोबांचा वारसा नवराबायको दोघांकडे असेल तर असे दुर्मिळ दोष एकत्र येण्याचा संभव वाढतो, हे सोयरीक जुळवताना ध्यानात घेण्यासारखे आहे.

आणि तांब्याची भांडी? हा प्रश्न सभेत कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच उत्तर देतो. तांब्याच्या भांड्यातले पाणी प्यायल्याने विल्सन रोग होत नाही; रोग जन्मजात दोषाचा आहे. ज्याला रोग आहे त्याने मात्र अशा भांड्यांतले पाणी वर्ज्य करावे. पण तांब्याच्या भांड्यांचा आणि यकृताचा संबंध दुसऱ्या एका रोगात आपल्या पुण्यातच उघडकीस आला. लहान बालकांना होणारा यकृताचा एक घातक रोग भारतात एकोणिसाव्या शतकापासून माहीत होता. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील आनंद पंडित, शीला भावे आणि इंग्लंडचे स्टुअर्ट टॅनर यांनी १९७९ पासूनच्या संशोधनात दाखवले की या बालकांच्या यकृतात तांबे विलक्षण साचलेले असते, आणि त्यांना तान्हेपणापासून कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलेले जनावराचे दूध पाजलेले असते. भांडी बदलली, स्टील आले, आणि तो रोग जवळजवळ नाहीसा झाला. आमच्या आज्या कल्हईवाल्याची हाक ऐकून भांडी काढीत, त्या चालीत किती शहाणपण होते हे या संशोधनाने सिद्ध केले. मात्र दोन्ही रोग एक समजू नयेत.

आता उपचारांच्या इतिहासाकडे परत येऊ, कारण खरा पेच तेथे आहे. पेनिसिलामीनने असंख्य प्राण वाचले, पण काहींना त्याने ताप आला, अंगावर पुरळ उठले, मूत्रपिंडे बिघडली. अशाच एका रुग्णासाठी वॉल्श यांनी केंब्रिजमध्ये ट्रायेंटीन हे दुसरे औषध वापरले आणि १९६९ मध्ये त्याची हकीकत दिली. हॉलंडमध्ये स्खाउविंक यांनी १९६१ च्या आपल्या प्रबंधात तिसरा मार्ग दाखवला होता. तो म्हणजे जस्त. जस्त पोटात गेले की आतड्याच्या पेशींत तांबे धरून ठेवणारे एक प्रथिन वाढते. त्या पेशी झडतात तेव्हा तांबेही बाहेर पडते. हॉलंडचे होखेनराड आणि अमेरिकेचे जॉर्ज ब्रूअर यांनी हा मार्ग पुढे नेला, आणि १९९७ मध्ये अमेरिकी शासनाने त्याला मान्यता दिली. ज्यांचे यकृत पूर्ण निकामी होते त्यांना नवे यकृत बसवतात. दोष यकृतातच असल्यामुळे तांब्याचा व्यवहार त्याने सुधारतो.

या रोगात मज्जासंस्थेचा बचाव हा सर्वांत नाजूक भाग आहे. औषध सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यांत किंवा महिन्यांत काही रुग्णांचा कंप आणि ताठरपणा उलट वाढतो. आणि त्यांतले काही पुन्हा पूर्वस्थितीला येत नाहीत. यकृतातले तांबे सुटून रक्तात येते व मेंदूत शिरते, असे याचे कारण सांगतात. म्हणून आता वैद्य थोड्या मात्रेने आरंभ करतात आणि सावकाश वाढवतात. सुधारणा दिसायला महिने लागतात, कधी दोन वर्षेही. तोवर ताठरलेल्या सांध्यांना रोज व्यायाम द्यावा लागतो, वाचा शिकवावी लागते, घास श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून अन्न मऊ व घट्टसर करावे लागते, अंग सैल पडण्याची वेगळी औषधे द्यावी लागतात. ही कामे बहुतेक घरातल्या बायका करतात आणि इतिहासात त्यांचा उल्लेख नसतो. मी तो येथे मुद्दाम करतो.

दुसरा पेच औषध सोडण्याचा आहे. रुग्ण सुधारतो, कामाला लागतो, लग्न होते, आणि त्याला वाटते, आता मी बरा झालो. शाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये अशा अकरा रुग्णांची हकीकत दिली, ज्यांनी पेनिसिलामीन आपण होऊन बंद केले होते. त्यांतले आठ दगावले, सरासरी अडीच-पावणेतीन वर्षांत. मोरी बुजलेलीच असते. पाणी उपसण्याचे थांबले की ते पुन्हा चढते. गरोदरपणातही औषध बंद करू नये, वैद्याच्या सल्ल्याने मात्रा ठरवावी, असा आता नियम आहे.

तिसरा पेच पैशाचा. दुर्मिळ रोगाचे औषध बनवायला कारखानदार सहसा पुढे येत नाही, कारण गिऱ्हाईक थोडे. म्हणून अमेरिकेने १९८३ साली अशा औषधांना उत्तेजन देणारा कायदा केला, आणि १९८५ मध्ये ट्रायेंटीनला मान्यता मिळाली. पण उत्तेजनाची दुसरी बाजूही आहे. ज्या औषधाच्या शंभर गोळ्यांना २०१० साली अमेरिकेत सुमारे साडेसहाशे डॉलर पडत, त्यांचीच किंमत पाच वर्षांत एकवीस हजार डॉलरांवर गेली. रेणू तोच, गोळी तीच, रोगी तेच. युद्धासाठी केलेले प्रतिविष रुग्णाला मिळाले, आणि रुग्णासाठी केलेले औषध व्यापाराच्या कचाट्यात सापडले, अशी ही उलटापालट आहे. सुदैवाने जस्ताचे क्षार स्वस्त आहेत.

या सर्वांतून निघणारा सर्वांत मोलाचा निष्कर्ष मात्र १९६८ सालचा आहे. न्यूयॉर्कचे स्टर्नलीब आणि शाइनबर्ग यांनी रुग्णांच्या निरोगी दिसणाऱ्या भावंडांची तपासणी केली. ज्यांच्यात दोष होता पण लक्षणे नव्हती त्यांना त्यांनी आधीपासूनच औषध दिले, आणि रोग प्रकटच झाला नाही. मेंदू बिघडल्यावर सावरणे कठीण. बिघडण्यापूर्वी राखणे सोपे. म्हणून कुटुंबात एकाला हा रोग ठरला की त्याच्या प्रत्येक भावाची आणि बहिणीची तपासणी झालीच पाहिजे. रक्तातले ते प्रथिन, चोवीस तासांच्या लघवीतले तांबे, आणि नेत्रवैद्याच्या यंत्रातून डोळ्याची पाहणी, यांनी बहुतेकांचा निर्णय लागतो. जरूर पडल्यास जनुकाची परीक्षा करतात. बहिणीचे लग्न मोडेल या भीतीने तिची तपासणी लपवणे म्हणजे तिचा मेंदू पणाला लावणे होय.

आरंभीच्या प्रश्नाकडे आता येतो. तीस हजारांत एकासाठी बाकीच्यांनी का ऐकावे? १९१३ ते १९४८ या पस्तीस वर्षांत वैद्यकशास्त्राने जी चूक केली, तीच चूक आजही एकेका रुग्णाच्या आयुष्यात पुन्हा घडते, म्हणून. मुलाला कावीळ होते, तेव्हा कावीळ उतरवणाऱ्याकडे नेतात. दोन वर्षांनी अक्षर बिघडते, तेव्हा शाळेत छडी मिळते. मग स्वभाव पालटतो, तेव्हा कोणी मनाचा वैद्य गाठतो आणि कोणी देवऋषी. हात कापू लागतात, तेव्हा अशक्तपणाचे टॉनिक चालू होते. कावीळ पाहणाऱ्याला अक्षराची गोष्ट कोणी सांगत नाही आणि देवऋषीला काविळीची. चार दोरे पुन्हा चार हातांत राहतात. आणि तिकडे तांबे रोज थोडे थोडे चढत असते. फरक इतकाच, की त्या वेळी औषध नव्हते, आज आहे.

ही गाठ मारण्याचे काम मोठ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञापर्यंत पोचायच्या आधी घरात आणि शाळेत सुरू होऊ शकते. दहा ते पंचवीस वयाच्या मुलाचे हस्ताक्षर, बोलणे किंवा वागणे कारणावाचून बिघडत चालले असेल, आणि त्याला किंवा त्याच्या भावंडाला कधी कावीळ झाली असेल, किंवा एखादे भावंड असेच दगावले असेल, तर त्या दोन गोष्टी एकाच वैद्याला एकाच वेळी सांगाव्यात. एवढे केले तर पुरे. बाकीचे काम विल्सन, फ्लायशर, कमिंग्स आणि वॉल्श यांनी करून ठेवले आहे. या सभेत शिक्षक पुष्कळ आहेत, आया पुष्कळ आहेत. उद्या वर्गात एखाद्या हुशार मुलाचे अक्षर बिघडलेले दिसले, तर त्याला रागावण्यापूर्वी त्याच्या घरच्यांची एकदा भेट घ्या, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.